मराठी स्टँडअपचा परदेश दौरा: आधी श्रोते ठरवा, विमान नंतर

पुण्या-मुंबईत, ठाण्या-नाशकात तासाभराचा शो चांगला चालू लागला की थोड्याच दिवसांत न्यू जर्सीहून किंवा दुबईहून निरोप येतो, "आमच्याकडे कधी येताय?" निरोप मनापासूनचा असतो, पण बहुतेकदा तो चाहत्याचा असतो, आयोजकाचा नसतो. त्या निरोपापासून एखाद्या परक्या शहरातल्या सभागृहात, रीतसर परवान्यावर आणि ठरलेल्या मानधनावर माइक हातात घेण्यापर्यंत नऊ महिने ते वर्षभराचं काम असतं. ते कोणत्या क्रमाने करावं, हे इथे मांडतो आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक फसलेले दौरे तिकिटाच्या तारखेपासून सुरू झालेले असतात. समोर कोण बसणार, हा प्रश्न आधी सुटला की व्हिसा कोणता, सभागृह किती मोठं, मानधन किती आणि तासाभरातला कुठला मजकूर न्यायचा, हे सगळं त्यातून उलगडत जातं.

समोर कोण बसणार?

मराठी कलावंतापुढे तीन वाटा असतात, आणि तिन्हींचे श्रोते वेगळे असतात.

पहिली वाट महाराष्ट्र मंडळांची. लंडनचं मंडळ १९३२ सालचं आहे. उत्तर अमेरिकेत गावोगावच्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये उभं राहिलं आणि त्याचं अधिवेशन साधारण दर दोन वर्षांनी भरतं. २०२४ चं अधिवेशन कॅलिफोर्नियात सॅन होजेला झालं. दुबई, सिंगापूर, सिडनी, मेलबर्न इथेही मंडळं आहेत. एकपात्री प्रयोग, नाटकं आणि गाण्यांचे कार्यक्रम घेऊन मराठी कलावंत अनेक दशकं या मंडळांकडे जात आले आहेत. त्यामुळे तिथल्या प्रेक्षकाच्या मनात कार्यक्रमाचा एक साचा पक्का असतो: दोन अंक, मध्यंतरात बटाटेवडा-चहा, आणि आजीपासून नातवापर्यंत सगळं घर एका रांगेत. अर्ध्या-पाऊण तासाच्या क्लबातल्या सेटवर वाढलेल्या कॉमेडियनने हे आधीच ओळखून ठेवावं.

दुसरी वाट भारतीय प्रमोटरची. तिथे मुख्य भाषा हिंदी, तिकीट महाग, सभागृह मोठं आणि श्रोता पंचविशी-चाळिशीतला. हिंदी कॉमेडियन झाकिर खान यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीत शो केला, तेव्हा ही वाट किती दूर जाऊ शकते हे जगाने पाहिलं. पण प्रमोटर तुमचा विनोद पाहण्याआधी तुमची तिकिटं किती खपतील हे पाहतो. एखाद्या शहरात तुमच्या व्हिडिओंना किती प्रेक्षक आहेत हा आकडा तो मागणार. यूट्यूबच्या विश्लेषणात देशांची विभागणी दिसते, इन्स्टाग्रामवर शहरंही दिसतात. तो तक्ता हाताशी ठेवा.

तिसरी वाट इंग्रजी महोत्सवांची. एडिनबरा फ्रिंज १९४७ पासून दर ऑगस्टमध्ये भरतो आणि तिथे कुणीही शो लावू शकतो, निवड समिती नसते. मेलबर्नचा कॉमेडी महोत्सव १९८७ पासून मार्च-एप्रिलच्या सुमारास असतो. कॉमेडियन वीर दास यांना २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला ते इंग्रजी कामासाठी. फ्रिंजमध्ये जागेचं भाडं, नोंदणी, पोस्टर आणि ऑगस्टमधलं एडिनबरातलं राहणं हे सगळं तुमच्या खिशातून जातं, आणि सुरुवातीला समोर पंधरा-वीस माणसंही असू शकतात. ती शिकण्याची जागा आहे. कमाईच्या हिशेबाने तिथे जाऊ नका.

माझं ठाम मत असं की पहिला दौरा मंडळांचाच करावा, आणि एकाच दौऱ्यात तिन्ही वाटा मिसळू नयेत. इंग्रजी तास ही मराठी तासाची भाषांतरित आवृत्ती नसते. तो वेगळा लिहावा लागतो, आणि मुंबईतल्या इंग्रजी ओपन माइकवर, म्हणजे नवा मजकूर तपासायच्या खुल्या मंचावर, घासून घ्यावा लागतो.

तारखा: परदेशातला शनिवार

अमेरिकेत कामाच्या दिवशी संध्याकाळी कुणी सहकुटुंब शोला येत नाही. शुक्रवार रात्र, शनिवार आणि रविवार दुपार एवढेच तुमचे दिवस. म्हणजे चार शनिवार-रविवारांत आठ ते दहा प्रयोग, हे वास्तवातलं गणित आहे. "महिनाभर आहे, वीस शो करू" असं कुणी म्हणालं तर त्याला शनिवार मोजायला सांगा.

मे अखेरचा मेमोरियल डे आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे, या मोठ्या सुट्ट्यांत लोक गाव सोडून फिरायला जातात. जून-जुलैत शाळांना सुट्टी असते आणि बरीच कुटुंबं भारतात आलेली असतात. ज्या वर्षी अधिवेशन असतं, त्या उन्हाळ्यात मंडळांचा पैसा आणि उत्साह तिकडे वळतो. मात्र अधिवेशनाचंच निमंत्रण मिळालं तर त्याच्या मागेपुढे दौरा बांधता येतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत शिकागो, बॉस्टन, डेट्रॉईट इथे बर्फामुळे शो रद्द होऊ शकतो. गुढीपाडव्यानंतरचा एप्रिल आणि दिवाळीच्या आसपासचे आठवडे सर्वात चांगले. नवरात्राच्या शनिवारी गरब्याशी स्पर्धा करू नका. सभागृह अर्धं रिकामं राहतं.

आखाती देशांत रमजानच्या महिन्यात शो लावू नये. ऑस्ट्रेलियात ऋतू उलटे आणि शाळेच्या सुट्ट्या वेगळ्या, त्यामुळे तिथल्या मंडळाकडून त्यांचं वार्षिक कॅलेंडर मागून घ्या.

मंडळाशी बोलणं

प्रत्येक दौऱ्याला एक खांब लागतो: एक मंडळ किंवा एक अनुभवी आयोजक, जो तारीख पक्की करतो, मानधनाची हमी देतो आणि बाकीच्या शहरांशी बोलायला मदत करतो. सगळ्या मंडळांना एकाच वेळी एकच मजकूर पाठवू नका. मंडळांचे पदाधिकारी एकमेकांना ओळखतात, आणि तोच मजकूर सगळीकडे गेल्याचं लगेच कळतं.

पहिल्या पत्रासोबत चार गोष्टी पाठवा: तीन मिनिटांची क्लिप, संपूर्ण शोचा न कापलेला व्हिडिओ, कार्यक्रम कोणत्या वयासाठी आहे याचं एका ओळीत स्पष्ट उत्तर, आणि तांत्रिक गरजांचं अर्धं पान. संपूर्ण व्हिडिओ आग्रहाने पाठवा. सांस्कृतिक समितीत एखादे काका आणि एखादी ताई असतातच, ज्यांना "शिव्या आहेत का?" हे जाणून घ्यायचं असतं. प्रश्न योग्य आहे. तिकीट काढून दहा वर्षांच्या मुलीला घेऊन येणाऱ्या आईला आधी माहीत असायला हवं. शिव्या असतील तर सांगा, "१६ वर्षांवरील" असं पोस्टरवर छापा, आणि मग त्या शब्दांसाठी स्टेजवर माफी मागू नका.

मंडळाची कार्यकारिणी दर वर्षा-दोन वर्षांनी बदलते. ऑक्टोबरमध्ये जुन्या अध्यक्षांनी दिलेला शब्द फेब्रुवारीत नव्या अध्यक्षांना ठाऊकही नसतो. म्हणून तारीख, मानधन, राहणं, प्रवास आणि रद्द झाल्यास काय, हे एका पानावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. सगळे स्वयंसेवक आहेत, नोकरी-घर सांभाळून हे करतात, त्यामुळे करार मागितल्याने कुणी दुखावेल असं वाटतं. उलट लिहिलेला कागद त्यांनाही सोयीचा पडतो, कारण त्यांनाही सभासदांना हिशेब द्यायचा असतो.

व्हिसा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. "टुरिस्ट व्हिसावर ये, मानधन भारतात देऊ" हा त्यातला सर्वात घातक. अमेरिकेच्या बी-१/बी-२ व्हिसावर तिकीट लावून केलेला शो चालत नाही. पैसे कुठल्या देशात मिळाले याने फरक पडत नाही. पोस्टरवर तुमचा फोटो आणि तिकिटाची किंमत जगजाहीर असते. विमानतळावरून परत पाठवलं गेलं तर पुढची अनेक वर्षं प्रत्येक अर्जात ते लिहावं लागतं. हा धोका मंडळालाही असतो.

अमेरिकेसाठी कॉमेडियनला दोन रस्ते जवळचे आहेत. ओ-१बी हा कला क्षेत्रातल्या असामान्य कामगिरीसाठी, आणि पी-३ हा एखाद्या संस्कृतीची खास ओळख असलेल्या सादरीकरणासाठी. मराठी भाषा, मराठी श्रोता आणि मराठी परंपरेतला विनोद असेल तर पी-३ चा विचार करण्यासारखा असतो. कोणता घ्यायचा ते अमेरिकेतल्या इमिग्रेशन वकिलाला ठरवू द्या. दोन्हींत अर्ज तुम्ही स्वतः करत नाही. तो अमेरिकेतली संस्था किंवा एजंट आय-१२९ या फॉर्मवर करतो. अनेक शहरांतली अनेक मंडळं असतील तर एका एजंटने सगळ्यांच्या वतीने एकच अर्ज करावा आणि त्याला शहरवार वेळापत्रक व करार जोडावेत. सोबत कलावंतांच्या संघटनेचा लेखी अभिप्राय लागतो. विविध मनोरंजन करणाऱ्या कलावंतांसाठी अमेरिकेत 'अमेरिकन गिल्ड ऑफ व्हरायटी आर्टिस्ट्स' ही संघटना आहे. अर्ज कार्यक्रमाच्या वर्षभर आधीपासून करता येतो. तातडीची प्रक्रिया जास्त शुल्क भरून मिळते, पण तिच्यावर विसंबून नियोजन करू नका.

पुराव्याची फाइल आजपासून जमवायला घ्या: वर्तमानपत्रांतली कात्रणं, शोची पोस्टर, तिकीटविक्रीचे अहवाल, करार, पुरस्कार, ज्येष्ठ कलावंतांची शिफारसपत्रं. मराठी कात्रणांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. लोकसत्तेतला तुमच्यावरचा अर्ध्या पानाचा लेख भाषांतराशिवाय तिथल्या अधिकाऱ्याच्या उपयोगाचा नाही. सोबत तंत्रज्ञ किंवा व्यवस्थापक न्यायचा असेल तर त्याचा अर्ज वेगळा असतो. अर्ज मंजूर झाला की डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, २०५ डॉलर शुल्क आणि वाणिज्य दूतावासातली मुलाखत. फॉर्ममध्ये समाजमाध्यमांवरच्या खात्यांची नावं द्यावी लागतात, म्हणजे तुमच्या क्लिप पाहिल्या जाऊ शकतात असं धरून चाला. मुलाखतीत सरळ उत्तर द्या: मराठी विनोदाचे कार्यक्रम, इतकी शहरं, या तारखांना परत.

ओ आणि पी वर्गातल्या कलावंताला मंजुरीनंतर त्याच प्रकारचे आणखी कार्यक्रम जोडता येतात, दर वेळी नवा अर्ज लागत नाही. त्यामुळे पाच शहरं पक्की झाली की अर्ज करा. आठवं शहर येईपर्यंत थांबू नका.

ब्रिटनमध्ये आमंत्रित कलावंताला व्हिजिटर व्हिसावर ठरलेला, मोबदल्याचा कार्यक्रम करता येतो. मात्र निमंत्रण ब्रिटनमधल्या कला-मनोरंजन क्षेत्रातल्या संस्थेचं किंवा एजंटचं हवं, व्हिसाच्या अर्जातच त्याचा उल्लेख हवा, आणि पोहोचल्यापासून ३० दिवसांत कार्यक्रम उरकायला हवेत. मंडळ त्या व्याख्येत बसतं का, हे आधी तपासा. एडिनबरा फ्रिंज ब्रिटन सरकारच्या परवानामुक्त महोत्सवांच्या यादीत असल्याने तिथे व्हिजिटर म्हणून मानधन घेता येतं. लांबच्या दौऱ्यासाठी क्रिएटिव्ह वर्कर व्हिसा, ज्याला परवानाधारक प्रायोजक लागतो.

कॅनडात मर्यादित काळासाठी आलेल्या कलावंताला अनेकदा वर्क परमिट लागत नाही, पण बार-रेस्टॉरंटमधल्या कामाला ही सवलत नाही, आणि भारतीयाला प्रवेशाचा व्हिसा लागतोच. ऑस्ट्रेलियात मनोरंजनासाठी ४०८ वर्गाचा व्हिसा. सिंगापूरमध्ये व्हिसाइतकाच कार्यक्रमाचा परवाना महत्त्वाचा असतो: माध्यम प्राधिकरणाकडे संहिता द्यावी लागते आणि ते वयोगटाचं वर्गीकरण करतात. "मी लिहीत नाही, सुचेल तसं बोलतो" हे उत्तर तिथे चालत नाही. दुबईत पर्यटन खात्याचा परवाना आयोजक काढतो. धर्म, राजघराणं आणि सरकार हे विषय तिथे स्टेजवर आणूच नका, क्राउड वर्कमध्ये, म्हणजे प्रेक्षकांशी थेट गप्पांतही, नाही. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात त्या-त्या सरकारचं संकेतस्थळ पुन्हा वाचा.

पैशाचं गणित

मानधनाच्या दोन पद्धती आहेत: ठरलेली रक्कम किंवा तिकीटविक्रीतला वाटा. पहिल्या दौऱ्यात ठरलेली किमान रक्कम आणि त्यावर वाटा, असा मध्यममार्ग धरावा.

समजण्यासाठी एक कल्पित हिशेब घेऊ. सभागृह ३५० खुर्च्यांचं, तिकीट ३० डॉलर, २८० तिकिटं गेली. गल्ला ८,४०० डॉलर. सभागृह आणि तिथला कर्मचारी १,६००, ध्वनी-प्रकाश ६००, विमा २००, तिकीट प्रणालीचं शुल्क ४००, जाहिरात २००. असे ३,००० गेले, उरले ५,४००. त्यातला ७० टक्के वाटा तुमचा धरला तर ३,७८० डॉलर. आठ प्रयोगांचे ३०,२४०. आकडा ऐकायला छान वाटतो, पण त्यातून व्हिसा आणि वकील, भारत-अमेरिका विमान, अंतर्गत विमानं, हॉटेलं जायची आहेत, आणि सगळ्याच्या आधी कर.

परदेशी कलावंताच्या अमेरिकेतल्या उत्पन्नावर एकूण रकमेच्या ३० टक्के कर आधीच कापला जातो. वरच्या उदाहरणात ते ९,०७२ डॉलर होतात, आणि ही कपात खर्च वजा न करता होते. यावर उपाय आहे. अमेरिकी करखात्याशी 'सेंट्रल विथहोल्डिंग अॅग्रीमेंट' करता येतो, ज्यात अंदाजे निव्वळ उत्पन्नावर कपात ठरते. एकूण उत्पन्न किमान १०,००० डॉलर अपेक्षित असावं लागतं आणि पहिल्या कार्यक्रमाच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. कॅलिफोर्निया राज्य परदेशी आणि परराज्यातल्या कलावंतांकडून वेगळे ७ टक्के कापतं. ब्रिटनमध्ये कर वर्षातली रक्कम १२,५७० पौंडांच्या वर गेली की आयोजक २० टक्के कापतो. कॅनडात कपात १५ टक्के, आणि लहान रकमांसाठी आधी अर्ज करून सूट मिळू शकते. कापलेल्या कराची प्रमाणपत्रं प्रत्येक आयोजकाकडून मागून घ्या. भारतात विवरणपत्र भरताना दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार त्यांचा उपयोग होतो. परदेशी कलावंतांचं काम केलेला सनदी लेखापाल शोधा. तुमच्या सोसायटीचा हिशेब पाहणाऱ्याकडून हे होईलच असं नाही.

मानधन बँकेतून घ्या. पाकिटातली रोख रक्कम कितीही प्रेमाने दिलेली असली तरी तिचा हिशेब शेवटी तुम्हालाच द्यायचा असतो.

प्रायोजकांबद्दल एक अट करारात घाला: तुम्ही स्टेजवर येण्याच्या आधीच्या पंधरा मिनिटांत गृहकर्जाची किंवा दातांच्या दवाखान्याची भाषणं नकोत. ती शो सुरू होण्याच्या बरीच आधी उरकू द्या. भाषणांनी थंड झालेलं सभागृह पुन्हा गरम करण्यात पहिली सात-आठ मिनिटं जातात.

तासाभराची पुनर्बांधणी

आता खरं कलेचं काम. पुण्यात टाळ्या घेणारा तास जसाच्या तसा नेला तर त्यातला बराच भाग तिथे शांततेत पडतो, आणि त्यात श्रोत्याचा दोष काही नसतो.

मंडळाच्या सभागृहात निदान चार पिढ्या बसलेल्या असतात. सत्तर-ऐंशीच्या दशकात डॉक्टर, इंजिनिअर म्हणून गेलेले. दोन हजारच्या आगेमागे आयटीत गेलेले. परवा एमएस करायला आलेले. आणि तिथेच जन्मलेली मुलं. पहिल्या गटाच्या मनातली मुंबई ट्रंक कॉलची आणि दूरदर्शनची आहे. तिसऱ्या गटाला तुमचे रील पाठ आहेत. चौथ्याला मराठी कळतं, पण बोलताना तो इंग्रजीकडे वळतो. मेट्रोच्या नव्या मार्गावरचा किंवा या महिन्यातल्या राजकारणावरचा विनोद फक्त तिसऱ्याला कळेल.

म्हणून आपल्या तासातल्या प्रत्येक बिटपुढे, म्हणजे विनोदाच्या तुकड्यापुढे, लिहा: हे कळायला काय माहीत असावं लागतं? भावंडांची भांडणं, आईचा फोन, लग्नातली पंगत, बाबांचा पैशाबद्दलचा स्वभाव, हे सगळ्यांना लागू होतं. पुण्यातल्या विशिष्ट चौकावरचा बिट फक्त पुणेकरांना लागू होतो. तो ठेवायचाच असेल तर सेटअपमध्ये, म्हणजे विनोदाआधीच्या मांडणीत, एक वाक्य वाढवून चौक न पाहिलेल्यालाही चित्र दिसेल असं करा. सेटअप लांबवणं म्हणजे पंच, म्हणजे हसवणारी ओळ, कमजोर करणं, असं काहींना वाटतं. मला उलट दिसलं आहे: परक्या सभागृहात नीट उभं केलेलं चित्र जास्त मोठं हसू आणतं.

मग प्रत्येक शहरासाठी पाच मिनिटं मोकळी ठेवा. ही पाच मिनिटं आदल्या संध्याकाळी स्वयंसेवकांशी गप्पा मारून भरायची. त्यांना विचारा: किराणा कुठून आणता, कोणत्या रस्त्यावर अडकता, मंडळात कशावरून वाद होतो? एडिसनजवळचा ओक ट्री रोड, सिडनीतलं हॅरिस पार्क, दुबईतलं करामा, ही नावं योग्य जागी आली की श्रोत्याला कळतं की हा माणूस आपलं गाव बघून आला आहे. फक्त नाव घेऊन टाळी मागू नका. त्या रस्त्यावर काय घडतं ते सांगा.

परदेशातला मराठी माणूस गेली कित्येक वर्षं "एनआरआय कसा बोलतो, कसा मिनरल वॉटर पितो" हे विनोद ऐकत आला आहे. तो विषय झिजला आहे. त्याच्या आयुष्यात त्याहून कितीतरी जिवंत गोष्टी आहेत: सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील आणि त्यांचा संपत नसलेला दिवस, मुलाच्या शिक्षिकेला नावाचा उच्चार शिकवणं, बर्फात विसर्जन कुठे करायचं याची बैठक, आई गेली तेव्हा विमानाने पोहोचेपर्यंत अंत्यविधी उरकलेला असणं. शेवटचं उदाहरण विनोदाचं नाही असं वाटेल, पण त्याच्या जवळ जाऊन परत हसवता आलं तर ते सभागृह तुम्हाला विसरणार नाही. तिथे तुम्ही पाहुणे आहात, म्हणून आधी ऐका, मग लिहा.

काही गोष्टी टाळा. इतर वंशांच्या लोकांची नक्कल आणि उच्चारांची थट्टा नको. समोरच्या मुलांचे मित्र त्याच समाजातले आहेत, आणि ती मुलं त्या क्षणी तुमच्यापासून तुटतात. जातीवरचे चिमटे भारतातही तपासूनच वापरावेत, पण परदेशात हा विषय कायद्यापर्यंत गेला आहे: सिअॅटलने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली, आणि असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. आडनाव विचारून त्यावर खेळणारं क्राउड वर्क तर बंदच करा. कुणाचा व्हिसा कोणता, ग्रीन कार्ड आलं का, नोकरी आहे का, हेही विचारू नका. शेजारच्या खुर्चीतल्या माणसापासूनही लपवलेली चिंता तुम्ही माइकवर उघडी करत असता. "काय करता?" विचारलंत तर दहापैकी आठ आयटीतच निघतील. त्यापेक्षा "इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात काय चुकलं?" विचारा, गोष्टच हाती लागते.

नव्या बांधणीचा तास भारतातच दोन-तीन वेळा करून पाहा, तोही अशा प्रेक्षकांसमोर ज्यांच्यात ज्येष्ठ आणि मुलं दोन्ही आहेत. सोसायटीचा गणेशोत्सव यासाठी उत्तम. दोन भागांत पन्नास आणि चाळीस मिनिटं, मध्ये मध्यंतर, अशी रचना मंडळांना रुचते. मध्यंतरानंतरची पहिली पाच मिनिटं सर्वात पक्की असू द्या, कारण लोक वडा संपवत परत येत असतात.

सभागृह आणि माइक

अमेरिकेत बहुतेक शो हायस्कूलच्या सभागृहांत होतात. भाडं परवडतं, खुर्च्या चांगल्या असतात, पण ती जागा शाळेच्या नाटकांसाठी आणि बँडसाठी बांधलेली असते. स्टेज खोल, पहिली रांग लांब आणि प्रेक्षकांवरचा उजेड विचित्र. करारात लिहा: वायर असलेला हातातला माइक, स्टँड, एक वायरलेस माइक राखीव, दोन मॉनिटर (स्टेजवर तुमचा आवाज तुम्हाला ऐकवणारे स्पीकर), स्थिर उजेड, आणि पहिल्या दोन रांगांवर थोडा प्रकाश. कॉलरला लावायचा माइक नको. हशा आणि टाळ्यांत तो आवाज गिळतो आणि शिट्टी देतो. शोच्या दोन तास आधी आवाजाची चाचणी, आणि त्या वेळी सभागृहात लहान मुलांच्या नाचाची तालीम नसावी, हेही लिहून ठेवा.

शाळा आयोजकाकडे सहसा एक मिलियन डॉलरच्या दायित्व विम्याचं प्रमाणपत्र मागते. सभागृहाचा कर्मचारी ठरलेल्या वेळेला दिवे बंद करतो, मग तुमचा शेवटचा बिट राहिला असला तरी. म्हणून सुरुवात वेळेवर व्हायला हवी. "आपली मंडळी उशिरा येतात" म्हणून अर्धा तास थांबवलं, तर तो अर्धा तास तुमच्या तासातून जातो. प्रवेश-निर्गमनाला गाणी वाजवणार असाल तर सभागृहाकडे संगीताचा परवाना आहे का, विचारा.

प्रवास आणि घसा

मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. कॅलिफोर्नियासाठी त्यात आणखी तीन तास मिळवा. पहिल्या शोच्या किमान तीन दिवस आधी पोहोचा. पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकणारा मार्ग शरीराला सोपा जातो. शहरं जवळची जोडा: न्यू जर्सी आणि फिलाडेल्फिया, डॅलस आणि ह्यूस्टन, बे एरिया आणि लॉस एंजेलिस. त्याच दिवशी सकाळी पोहोचणारं विमान घेऊ नका. ते रद्द झालं की चारशे लोकांचं तिकीट परत करावं लागतं.

आरोग्य विमा प्रवासाआधी काढाच. अमेरिकेत साध्या दातदुखीचं बिल एका प्रयोगाच्या मानधनाएवढं होऊ शकतं.

राहण्याबद्दल: मंडळातली कुटुंबं आपल्या घरी उतरवून घेतात, आणि ती माया खरी असते. पण शोच्या आदल्या रात्री हॉटेल मागा. घरी उतरलात की रात्री दोनपर्यंत गप्पा होतात, सकाळी शेजारी भेटायला येतात, आणि संध्याकाळपर्यंत घसा बसतो. शो झाल्यावर मात्र त्यांच्याकडे जेवायला जरूर जा. पुढच्या दौऱ्यातले अर्धे बिट त्या जेवणाच्या टेबलावर मिळतात.

चित्रीकरण आणि दौऱ्यानंतर

परदेशातल्या शोची क्लिप भारतात चांगली चालते, त्यामुळे चित्रीकरणाचा मोह होतोच. प्रवेशद्वारावर "चित्रीकरण सुरू आहे" असा फलक लावा, क्राउड वर्कमधल्या माणसाची संमती शोनंतर लगेच घ्या, आणि मुलांचे चेहरे वापरू नका. एखाद्याने स्टेजवरून विचारल्यावर हसत नोकरीबद्दल सांगितलं असेल, पण ते त्याच्या साहेबाने लाखो लोकांसोबत बघावं अशी त्याची इच्छा नसते. दौरा सुरू असताना तासाचे मुख्य बिट समाजमाध्यमांवर टाकू नका. शिकागोच्या श्रोत्याने डॅलसचा शेवट आधीच पाहिलेला असतो.

परत आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक मंडळाला हिशेबाचा एक कागद पाठवा: किती आले, किती मानधन मिळालं, कर किती कापला, काय बाकी आहे. करप्रमाणपत्र राहिलं असेल तर तेव्हाच मागा. पुढच्या वर्षी ते देणारा खजिनदार बदललेला असेल. आणि प्रत्येक शहरात तिकीट काढणाऱ्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने ईमेल पत्त्यांची यादी स्वतःकडे ठेवा. ती मंडळाच्या यादीपेक्षा लहान असेल, पण त्यातला प्रत्येक जण तुमच्यासाठी आलेला असतो, आणि दुसऱ्या दौऱ्याच्या वेळी खांब शोधायला तुम्हाला तिथूनच सुरुवात करता येते.